मदत हवी आहे: फोर्कनंतर पेरेंट आणि चाइल्डमध्ये नेमकं काय सामाईक राहतं?

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिते आहे. फोर्क म्हणजे चालू प्रोग्रामची (प्रोसेसची) दुसरी प्रत सुरू करणारा कॉल; मूळ प्रोसेस ती पेरेंट, नवी ती चाइल्ड. फोर्कच्या आधी माझा प्रोग्राम एक फाइल उघडतो आणि एका व्हेरिएबलमध्ये १० ठेवतो. चाइल्ड त्या व्हेरिएबलचे ९९ करते आणि रीड कॉलने फाइलमधले १०० बाइट वाचते. पेरेंट वेट करून चाइल्ड संपेपर्यंत थांबते, मग स्वतः वाचते.

पेरेंटला व्हेरिएबल १०च दिसतं. ठीक. पण दोघींकडे त्याचा पत्ता छापला तर तो अगदी तोच! आणि फाइल मात्र पेरेंटला १०१व्या बाइटपासून मिळते, म्हणजे चाइल्डने वाचलेलं पेरेंटच्याही खात्यातून वजा झालं.

फोर्कने सगळ्याची प्रत होते असं शिकलो होतो. मग फाइलमधली जागा सामाईक का? नियम पाठ करायचा नाहीये, कारण समजून घ्यायचंय.

शिवाय पाइपचा (एका प्रोसेसकडून दुसरीकडे डेटा नेणाऱ्या नळीचा) प्रश्न आहेच. पेरेंट लिहिते, चाइल्ड वाचते. पेरेंटने सगळं लिहून आपलं लिहिण्याचं टोक बंद केलं आणि वेटवर थांबली, तरी चाइल्डचं वाचन संपत नाही. दोघी अडकून पडतात.

प्रतिसाद १

प्रत होते हे खरंच, पण कशाची ते बघा. प्रत्येक प्रोसेसकडे फाइल डिस्क्रिप्टरचा (उघडलेल्या फाइलींच्या क्रमांकांचा) तक्ता असतो. त्यातल्या रकान्यात फाइल नसते, कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) एका नोंदीकडे जाणारा पॉइंटर असतो, आणि कुठवर वाचून झालं तो ऑफसेट त्या नोंदीत असतो. फोर्कनंतर तक्ते दोन झाले, नोंद एकच राहिली. फोर्क झाल्यावर दोघींनी आपापलं ओपन केलं तर नोंदीही दोन होतील आणि दोघींना सुरुवातीपासून वाचता येईल. करून बघाच.

ही रचना मुद्दाम केलेली आहे आणि मला ती फार सुंदर वाटते. शेलमध्ये (कमांड टाइप करतो तिथे) एलएस (फाइलींची यादी) आणि डेट (तारीख) या कमांड कंसात घालून दोघांचं आउटपुट एकाच फाइलमध्ये वळवा. या दोन वेगळ्या प्रोसेस. ऑफसेट सामाईक नसता तर डेटने एलएसच्या मजकुरावरच लिहिलं असतं.

तुम्ही छापलेला पत्ता व्हर्च्युअल आहे, म्हणजे प्रत्येक प्रोसेसचा स्वतःपुरता; तो रॅममधल्या कुठल्या जागी जातो ते कर्नल ठरवतं. फोर्क झाल्या झाल्या दोघींची पानं (मेमरीचे ठरावीक तुकडे) रॅममध्ये एकच असतात, फक्त वाचण्यापुरती. चाइल्डने ९९ लिहायला घेतलं तेव्हा कर्नलने तेवढ्या एका पानाची (बहुतेक पीसीवर ४०९६ बाइट) वेगळी प्रत काढून दिली. हेच कॉपी-ऑन-राइट. मेमरी खरोखर सामाईक हवी असेल तर फोर्कआधी एममॅप कॉलने शेअर्ड (सामाईक) मॅपिंग करून घ्या.

प्रतिसाद २

पाइपबद्दल: चाइल्डमध्ये लिहिण्याचं टोक बंद केलंय का? वाचणाऱ्याला रीडकडून ० (म्हणजे मजकूर संपला) तेव्हाच मिळतो, जेव्हा लिहिण्याचं टोक कुठल्याच प्रोसेसमध्ये उघडं उरत नाही. फोर्कमध्ये चाइल्डकडे दोन्ही टोकं आली आहेत, त्यामुळे तिचं स्वतःचंच उघडं टोक तिला अडवून ठेवतंय. प्रॉकमध्ये (प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीत) तिच्या पीआयडीखाली (प्रोसेस क्रमांकाखाली) एफडी डिरेक्टरी बघा, तोच पाइप दोनदा दिसेल.

धागाकर्ती

दोनदाच दिसला! चाइल्डमध्ये वाचण्याआधी क्लोज घातलं आणि लगेच सुटलं. दोघांचे मनापासून आभार.

एक शेवटचं. फोर्कच्या आधी केलेलं प्रिंटएफ (मजकूर छापण्याचं फंक्शन) टर्मिनलवर एकदाच येतं, आउटपुट फाइलमध्ये वळवलं की दोनदा. हेही ऑफसेटमुळे?

प्रतिसाद १

नाही, हे मेमरीच्या प्रतीमुळे. प्रिंटएफचा बफर (छापायचा मजकूर तात्पुरता साठवण्याची जागा) प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत असतो. टर्मिनलवर ओळ संपली की तो रिकामा होतो. फाइलकडे जाताना तो भरेपर्यंत थांबतो, म्हणून फोर्कच्या वेळी मजकूर अजून आतच होता. त्याचीही प्रत झाली आणि संपताना दोघींनी आपापला बफर फाइलमध्ये ओतला. फोर्कच्या आधी एफफ्लश करा, म्हणजे बफर तेव्हाच रिकामा होईल.