मदत हवी आहे : पावसाळ्यात नाचणीचं सत्त्व वाळत नाही, आणि लेकीसाठी बंड्या

बडोद्यातल्या ताई-काकूंनो, जरा सांगा. लेक दीड वर्षाची आहे. अर्धा किलो नाचणी रात्रभर भिजवून ओल्या पंच्यात बांधली की दीड दिवसात मोड छान येतात. अडतं ते वाळवण्यात. या दमट हवेत पंख्याखाली दोन दिवस पसरली तरी दाणा दाताखाली कट्‌कन फुटत नाही, चामट लागतो. तशीच दळली की पिठाला कुबट वास येतो. असं पीठ उकळूनसुद्धा बाळाला देऊ नये, त्यामुळे सगळं टाकावं लागतं आणि जीव हळहळतो.

ओव्हन नाही. लोखंडी कढईत मंद आचेवर वाटी-वाटीने परतली तर चालेल का? किती वेळ? मोड करपून कडवट तर होणार नाहीत? पेजेची अडचण नाही. दोन चमचे सत्त्व कपभर थंड पाण्यात कालवून मगच गॅसवर ठेवते, गुठळ्या होत नाहीत.

दुसरं, मंगळ बाजारातल्या होजियरीच्या बंड्या पहिल्याच धुण्यात लांबीला आखडतात. म्हणून एक माप मोठं घ्यावं, तर गळा खांद्यावरून घसरतो. खांद्यावर टिचबटणं असलेल्या बंड्या डझनाच्या भावात कुठे मिळतील? न्यायमंदिराच्या बाजूला की लहरीपुरा दरवाज्याकडे? हल्लीचा भावही कळवा. शिवायच्या झाल्या तर दीड वर्षाच्या मुलीच्या चार बंड्यांना मलमल किती मीटर लागेल?