होमलोन फेडलं, ओरिजिनल कागद मिळत नाहीत - मदत हवी आहे

घरघर_लागली (धागाकर्ता)
फ्लॅटचं लोन पूर्ण फेडलं. बँक कागद देत नाही. 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच ऐकवतात. ४३ दिवस झाले. गिऱ्हाईक तयार आहे, पण ओरिजिनल ॲग्रीमेंट बघितल्याशिवाय त्याची बँक फाइल हलवत नाही. रोज पाच हजार दंड असतो ना? तो कसा वसूल करायचा तेवढं सांगा. लवकर.

पैका
एकरकमी फेडलं की शेवटचा हप्ता भरून? कर्जदार एकटे तुम्हीच? बँक की हाउसिंग फायनान्स कंपनी? फोरक्लोजर लेटरवर (कर्ज मुदतीआधी बंद करायला किती भरायचं ते सांगणारं पत्र) 'वैध दिनांक' काय होता?

तुकडेबंदी
आधी सातबाऱ्यावरचा बोजा उतरवा. बँकेचा नो-ड्यूज (काही बाकी नाही असा) दाखला घेऊन ई-हक्क प्रणालीवर 'बोजा कमी करणे' हा अर्ज भरा. फेरफाराची नोटीस निघते, १५ दिवस हरकतीची मुदत, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. लोक हे विसरतात आणि विक्रीच्या वेळी रडतात.

पैका
फ्लॅट आहे हो. सातबारा कुठून आणला?

तुकडेबंदी
ज्यांचा एनए (बिनशेती) प्लॉट आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

वादी_प्रतिवादी
दंड आहेच. रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे कागद परत द्यायचे झाले त्या सगळ्यांना लागू. पूर्ण परतफेडीपासून ३० दिवसांत कागद द्यायचे आणि बोजाही उतरवायचा, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये. ४३ वजा ३० म्हणजे १३ दिवस, ६५,००० रुपये. नोटीस पाठवा, नाही दिले तर ग्राहक आयोग.

घरघर_लागली
@पैका, एकरकमी. ११.४ लाख, ४ तारखेला आरटीजीएस. लेटर १ तारखेपर्यंतचं होतं, पण आकडा तोच ना. ५ चा हप्ता डबल कापला जाऊ नये म्हणून मी माझ्या बँकेत मँडेट (हप्ता आपोआप कापायची परवानगी) थांबवलं होतं. कंपनी हाउसिंग फायनान्सची आहे, काय फरक पडतो?
@वादी, नोटीसचा मसुदा आहे का?

पैका
फरक बराच पडतो, पण तुमचं घोडं अडलंय दुसरीकडेच. लेटरवरचा आकडा १ तारखेचा. तुम्ही भरलं ४ ला. व्याजदर साडेआठ टक्के धरला तर ११.४ लाखांवर रोजचं व्याज २६५ रुपये, तीन दिवसांचे ७९६ कमी पडले. म्हणजे कर्ज बंद झालंच नाही. खातं चालू म्हणून सिस्टिमने ५ तारखेचा हप्ता मागितला, तुम्ही मँडेट थांबवलेलं, तो परत गेला, त्याचा बाउन्स चार्ज लागला. आजच्या तारखेचं लोन स्टेटमेंट काढा. पोच पावती किंवा तुमच्या बँकेचा एसएमएस चालणार नाही, लोन खात्याचंच हवं.

वादी_प्रतिवादी
कमी पडले हे कळवायची जबाबदारी कंपनीची. गप्प बसून ४३ दिवस घालवले ही सेवेतली त्रुटीच आहे.

पैका
त्रुटी असेल, पण पाच हजारांचा दंड 'पूर्ण परतफेडीनंतर'च्या विलंबाला आहे, तोही कंपनीमुळे झालेल्या. घड्याळ सुरूच झालेलं नाही. ६५,००० ची नोटीस पाठवली तर उत्तरात हेच स्टेटमेंट येईल.

घरघर_लागली
काढलं. बाकी १,३९४ रुपये!! ७९६ व्याज, ५९० बाउन्स चार्ज, वर आठ रुपये. एवढ्यासाठी माझं गिऱ्हाईक लटकवलं?

कोकणी_सीए
५९० म्हणजे ५०० आणि १८ टक्के जीएसटी. बरोबर आहे. अवांतर, पण फ्लॅट विकताय म्हणून सांगतो: जुन्या करप्रणालीत मुद्दलावर वजावट घेतली असेल आणि ज्या आर्थिक वर्षात ताबा मिळाला त्याच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत विकलात, तर ती वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात परत धरली जाते. व्याजावरची वजावट मात्र तशी उलटत नाही.

घरघर_लागली
ताबा २०१४ चा आहे. हे विचारलंच नव्हतं. बाउन्स चार्ज मी का भरू?

पैका
भरा. माफीचा अर्ज नंतर करा, गिऱ्हाईक निसटलं तर ५९० ची किंमत फार मोठी पडेल. भरायच्या दिवशीच ताजा आकडा लेखी घ्या, नाहीतर पुन्हा शेपूट राहील. खातं 'क्लोज्ड' दिसलं की नो-ड्यूज मागा आणि त्या तारखेपासून ३० दिवस मोजा.
वेळेत नाही दिले तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार. तिथे दाद नाही लागली तर नॅशनल हाउसिंग बँकेचं 'ग्रिड्स' पोर्टल. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार चालत नाही, फरक पडतो तो इथे. परिपत्रक मात्र त्यांनाही लागू आहे.
आणि कर्जदार एकटे तुम्हीच की आणखी कोणी, हे अजून सांगितलेलं नाही.

घरघर_लागली
भाऊ कोॲप्लिकंट आहे. मस्कतला असतो. पैसे सगळे मीच भरलेत.

पैका
पैसे कोणी भरले याचा इथे संबंध नाही. कागद घ्यायला सगळ्या कर्जदारांच्या सह्या मागतात. काही ठिकाणी सही जुळवून साधं अधिकारपत्र चालतं, काही कुलमुखत्यारपत्रच मागतात. आजच लेखी विचारा. मुखत्यारपत्र लागलं तर भावाने तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवायचं, आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. भाऊ फ्लॅटचाही सहमालक असेल तर विक्रीच्या करारालाही तो लागेलच, मुखत्यारपत्रात दोन्ही अधिकार घालून घ्या.

दस्तनोंदणी
कागद हातात आले की सही करण्याआधी कर्ज घेतानाची यादी समोर धरा. ओरिजिनल ॲग्रीमेंट, नोंदणीची पावती, आधीच्या खरेदीची साखळी, शेअर सर्टिफिकेट, न वापरलेले चेक. पानं मोजा. सोसायटीलाही बोजा काढल्याचं पत्र द्या, त्यांच्या रजिस्टरला नोंद असते. कंपनीने सेरसाईवरचा (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) बोजा उतरवलाय का तेही बघा, गिऱ्हाइकाची बँक तिथे शोध घेतेच.

वादी_प्रतिवादी
रिकन्व्हेयन्स डीड (गहाण सुटल्याचा दस्त) राहिलं.

दस्तनोंदणी
गहाणखत नोंदवलेलं असेल तरच. नुसते कागद ठेवून नोटीस ऑफ इंटिमेशन (तशा गहाणाची नोंदणी कार्यालयाला दिलेली सूचना) भरलेली असेल तर कागद परत आणि नो-ड्यूज यावर बहुतेक वकील थांबतात. गिऱ्हाइकाच्या वकिलाला आधीच विचारा.

घरघर_लागली
नोटीसच होती. ठीक. उद्या सकाळी १,३९४ आरटीजीएस करतो.

पैका
आरटीजीएसला किमान दोन लाख लागतात. एनईएफटी करा, फोरक्लोजर लेटरवर दिलेल्या खातेक्रमांकावरच, आणि यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) जपून ठेवा.