सगळ्या पेशींत डीएनए तोच असेल, तर यकृताची पेशी यकृताचीच कशी राहते?

प्रश्न

विभाजनापूर्वी पेशी आपल्या संपूर्ण डीएनएची प्रत तयार करते आणि दोन्ही कन्यापेशींना एकेक पूर्ण संच मिळतो, एवढे मला समजले आहे. मग चेतापेशी आणि यकृतपेशी एकमेकींपासून इतक्या वेगळ्या कशा? विशिष्ट कामाला लागताना पेशी नको असलेली जनुके टाकून देते का? आणि टाकून देत नसेल, तर यकृतपेशीच्या विभाजनातून पुन्हा यकृतपेशीच का निर्माण होते?

प्रतिसाद १

जनुके टाकून दिली जात असावीत, ही शंका जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट वाइसमान यांनी बरीचशी अशीच कल्पना मांडली होती. जॉन गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक काढून ते, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातले आणि १९६२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक अंड्यांची वाढ मध्येच थांबली, परंतु थोड्या अंड्यांपासून पोहणारे बेडूकमासे तयार झाले. डोळा, स्नायू आणि मज्जारज्जू घडवण्याची माहिती आतड्याच्या पेशीत शाबूत नसती, तर हे घडलेच नसते. माणसाची सुमारे २०,००० प्रथिनजनुकेही याच न्यायाने जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात. फरक पडतो तो त्यांतील कोणती वाचली जातात यामुळे.

आपला शेवटचा प्रश्न मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण पाठ्यपुस्तके डीएनएची प्रत कशी होते हे सांगतात आणि ‘काय वाचायचे’ या खुणांची प्रत कशी होते, हे बहुधा सांगायचे राहून जाते. डीएनएचे दोन धागे विलग होतात आणि प्रत्येक धाग्यासमोर नवा धागा विणला जातो; त्यामुळे प्रत्येक कन्यापेशीला मिळणाऱ्या रेणूत एक धागा जुना व एक नवा असतो, हे मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ साली जिवाणूंवरील प्रयोगाने दाखवले. खुणांच्या दृष्टीने हा जुना धागाच मोलाचा ठरतो. बंद ठेवलेल्या कित्येक जनुकांजवळ सायटोसिन या डीएनएच्या घटकावर मिथिल गट, म्हणजे छोटे रासायनिक गट, बसवलेले असतात. प्रत झाल्यावर ते जुन्या धाग्यावर असतात, नव्यावर नसतात, आणि अशा अर्धवट खुणा असलेल्या जागा ओळखून नव्या धाग्यावरही मिथिल गट बसवणारे एक विकर पेशीत असते. दोन्ही धागे नवे असते, तर खूण ओळखायला आधारच उरला नसता.

प्रतिसाद २

वरील विवेचन योग्य आहे, पण मिथिल गटांना सगळे श्रेय देणे मला पटत नाही. फळमाशीच्या डीएनएवर मिथिल गट जवळजवळ नसतातच, तरीही तिच्या डोळ्याच्या पेशी डोळ्याच्याच राहतात. माझ्या मते पेशीची ओळख मुख्यत्वे जनुकांना चालू-बंद करणाऱ्या नियामक प्रथिनांवर अवलंबून असते. त्यांतील अनेक प्रथिने स्वतःचेच जनुक चालू ठेवतात, म्हणून एकदा सुरू झालेले चक्र आपोआप चालत राहते. १९८७ साली मायोडी या एकाच प्रथिनाचे जनुक संयोजी ऊतीच्या पेशींत चालू केले असता त्या स्नायूपेशींसारख्या झाल्या. २००६ मध्ये शिन्या यामानाका आणि त्यांच्या सहकाऱ्याने उंदराच्या पेशींत अशा चार प्रथिनांची जनुके घालून त्यांना जवळजवळ भ्रूणातील मूलपेशींच्या, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशींच्या, अवस्थेत परत नेले.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. परंतु धागे विलग होताना ही नियामक प्रथिने डीएनएवरून निघून जात असतील ना? मग चक्र तुटत कसे नाही?

प्रतिसाद २

प्रत तयार करणारी यंत्रणा पुढे सरकते तेव्हा त्यांपैकी बरीचशी खरोखरच सुटतात. मात्र ती नष्ट होत नाहीत. पेशीत त्यांचा साठा असतो, तो विभाजनात दोन्ही कन्यापेशींमध्ये वाटला जातो आणि डीएनएचा तोच क्रम ओळखून ती प्रथिने पुन्हा आपापल्या जागी बसतात. डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती जुनी हिस्टोन प्रथिनेही दोन्ही प्रतींवर वाटली जातात व त्यांच्यावरील काही खुणा शेजारच्या नव्या हिस्टोनांवर उमटवल्या जातात. म्हणजे यकृतपेशीकडून कन्यापेशीला डीएनएबरोबर यकृताची प्रथिनेही वारशाने मिळतात.

प्रतिसाद ३

आपली मूळ शंका सर्वस्वी चुकीची नव्हती, हेही नोंदवायला हवे. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी परिपक्व होताना संपूर्ण केंद्रकच बाहेर टाकतात आणि त्यानंतर त्या कधीच विभागत नाहीत. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशी तर प्रतिपिंडांच्या जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडतात आणि मधला भाग कायमचा गमावतात. सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली हे दाखवून दिले. अशा पेशीची संतती तोच बदललेला डीएनए पुढे नेते, त्यामुळे एकाच बी-पेशीपासून वाढलेल्या सर्व पेशी त्याच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे बनवतात. यकृतपेशीत असे काही घडत नाही.