एमएस्सी झाली, पीएचडीच्या अर्जाआधीचं वर्ष कुठे घालवू?

डोंबिवलीची_केमिस्ट
यंदा कलिन्याहून ऑरगॅनिकमध्ये एमएस्सी झाले. पीएचडीचे अर्ज पुढच्या वर्षी. मधल्या वर्षावरून घरी रोज जेवताना वाद. अंबरनाथला एका फार्मा कंपनीत क्यूसीची, म्हणजे औषधांचा दर्जा तपासायची नोकरी मिळतेय, हातात 22,000. माटुंग्याला एका सरांच्या लॅबमध्ये रिसर्च प्रोजेक्टचं काम आहे, 18,000, तेही सहा महिन्यांचं. आई म्हणते नोकरी धर. बाबा मार्चमध्ये रिटायर होतायत, तरी म्हणतात घरी बस आणि नेट, म्हणजे फेलोशिपची परीक्षा, काढ. मागची थोडक्यात हुकली. माझा ओढा माटुंग्याकडे आहे, पण नेट पुन्हा गेली तर?

ओला_सॉल्व्हेंट
क्यूसीत मी चौदा महिने काढले. एचपीएलसी या तपासणीच्या मशीनला नमुन्यांच्या व्हायल लावायच्या, रजिस्टरवर सह्या करायच्या. काम वाईट नाही, पण आपलं डोकं कसं चालतं हे तिथे कुणाला दिसतच नाही. शिफारसपत्र मागितलं तर मॅनेजरने लिहून दिलं, 'वेळेवर येतो'. बरं, हार्बर लाइनवरून मी तेवढंही नेहमी येत नव्हतो!

मग प्रोजेक्टवर गेलो. दोन रेणू जोडायची एक रिअॅक्शन, कपलिंग, तीन महिने होईना. रोज टीएलसीवर, म्हणजे रिअॅक्शन कुठवर आली ते दाखवणाऱ्या पट्टीवर, स्टार्टिंग मटेरियलचा तोच ठिपका. शेवटी दोष निघाला सॉल्व्हेंटमधल्या ओलाव्याचा. पीएचडीच्या मुलाखतीत अर्धा वेळ त्याच न झालेल्या रिअॅक्शनवर गेला, आणि मला सांगण्यासारखं खूप होतं.

हो म्हणण्याआधी सरांच्या लॅबमधल्या मुलांना खाली चहाला गाठ. एनएमआरला, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या मशीनला, नंबर किती दिवसांनी लागतो? सर बेंचपाशी येतात की फक्त ग्रुप मीटिंगला दिसतात? सहा महिन्यांनी पैसे संपले तेव्हा आधीच्या मुलाचं काय झालं? हे शेवटचं नक्की विचार.

ठाण्याची_काकू
बाबांचं अगदीच उडवून लावू नकोस गं. नेटमधून मिळणारी जेआरएफ फेलोशिप म्हणजे महिना 37,000, घरभाडं वेगळं, दोन वर्षांनी 42,000. स्वतःची फेलोशिप घेऊन येणारी मुलगी कुठल्या गाइडला नको असते? पण त्यासाठी घरी कशाला बसायचं? आमचा मुलगा वर्षभर घरी 'अभ्यासाला' बसला. दुपारची झोप तेवढी पक्की झाली.
सीएसआयआरच्या नेटच्या पेपरात 200 पैकी 100 गुण शेवटच्या भागाचे, पार्ट सीचे, सोडवायचे प्रश्न पंचवीसच, आणि चुकलं की त्या प्रश्नाच्या चारपैकी एक गुण कापतात. तेव्हा रोज दोन तास पार्ट सीच घे. फेब्रुवारीत गेट ही प्रवेशपरीक्षाही दे. तो स्कोअर तीन वर्षं चालतो, पवईला आयआयटीत पीएचडीसाठी त्यावरही अर्ज करता येतो.

डोंबिवलीची_केमिस्ट
काल माटुंग्याला जाऊन आले. सर रोज संध्याकाळी बेंचवर येतात म्हणे. आधीच्या मुलीला मात्र दोन महिने बिनपगारी काढावे लागले होते. बाबांना तेही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पास तिमाही काढ, स्वस्त पडतो."