बिनखात्याचे मंत्री दिवसभर करतात तरी काय?

अभ्यासिकेतला_उंदीर: राज्यसेवेची तयारी चालू आहे. खातं नाही, तरी कॅबिनेट दर्जा, बंगला, गाडी सगळं. मग सहीला फाईल कुठली येते? उगाच सोय लावलेली वाटते.

पेन्शनर_काका: अरे बाळा, सोय असतेच, नाही कुठे म्हणतोय! कृष्ण मेनन १९५६ मध्ये असेच आत आले, पुढच्या वर्षी संरक्षण खातं मिळालं. पण शास्त्रीजींचं बघ. जानेवारी १९६४, काँग्रेसच्या भुवनेश्वर अधिवेशनात नेहरूंना पक्षाघाताचा झटका आला. कामराज योजनेत, म्हणजे पक्षकार्यासाठी मंत्रिपद सोडून, बाहेर पडलेल्या शास्त्रीजींना बिनखात्याचे मंत्री म्हणून परत बोलावलं. पंतप्रधानांच्या टेबलावरचं बरंचसं काम त्यांच्याकडे वळलं. हजरतबल दर्ग्यातून चोरीला गेलेला पवित्र अवशेष सापडल्यावर, तो खराच का या वादातून श्रीनगर पेटू नये म्हणून ऐन थंडीत तिथे हेच गेले. जूनमध्ये स्वतः पंतप्रधान! खातं नव्हतं म्हणूनच कुठेही धाडता आलं, असं माझं मत.

अभ्यासिकेतला_उंदीर: काका, भारीच. आणि सभागृहाच्या १५ टक्क्यांहून जास्त मंत्री नकोत, त्या मर्यादेत हे बिनखात्याचे धरतात का?

चहा_कटिंग: धरतात. ९१ वी घटनादुरुस्ती मंत्र्यांची डोकी मोजते, खाती नाही. कलम ७५ (केंद्र) आणि १६४ (राज्य) दोन्ही वाच.