मदत हवी आहे: सॉल्व्हंट टाकीचं फ्रँजिबल रूफ

भोसरी_फॅब्रिकेटर: कुरकुंभच्या कामासाठी सॉल्व्हंटची टाकी करतोय. क्लायंटला फ्रँजिबल रूफ हवंय, म्हणजे आत दाब वाढला तर टाकी फुटायच्या आधी छत सुटावं. कर्ब अँगलला (टाकीच्या वरच्या कडेचं लोखंडी कडं) छत ५ मिमी फिलेट वेल्डने (कोपऱ्यातली वेल्ड) जोडलं की झालं ना? ड्रॉइंग शुक्रवारी द्यायचंय, लवकर सांगा.

चाकणकर: व्यास किती? उतार? वेल्ड आतून आहे का? हे कळल्याशिवाय कोण 'झालं' म्हणेल?

भोसरी_फॅब्रिकेटर: व्यास ६ मीटर, उंची साडेसात, उतार १:५. गंज धरू नये म्हणून आतूनही वेल्ड.

चाकणकर: मग ते फ्रँजिबल नाहीच. एपीआय ६५० (तेलाच्या टाक्या बांधायचं अमेरिकन मानक) प्रमाणे उतार १:६ च्या वर नको. वेल्ड फक्त वरून, एकेरी, जास्तीत जास्त ५ मिमी. आतली वेल्ड काढा. शिवाय कर्ब अँगल जाड घेतलात तरी जोड सुटत नाही, त्या भागाच्या क्षेत्रफळाला मर्यादा आहे. आणि एवढ्यावर भागवणारा हा सोपा नियम १५ मीटर व्यासापासून पुढे लागू होतो. लहान टाकी हलकी, छत सुटायच्या आधी तळच उचलला जातो.

सेफ्टीवाला_हडपसर: तळ सुटला की काय होतं ते डेलावेअर सिटीच्या रिफायनरीत १७ जुलै २००१ ला दिसलं. ॲसिडच्या टाकीत स्फोट झाला, शेल (टाकीची भिंत) तळापासून तुटून उडालं, आतला माल बाहेर, एक कामगार गेला.

व्हेंटप्रेमी: म्हणूनच सांगतो, छताचा नाद सोडा. एपीआय २००० (टाकीच्या व्हेंटिंगचं मानक) प्रमाणे हिशोब करून इमर्जन्सी व्हेंट (जादा दाब बाहेर सोडणारं झाकण) बसवा. आम्ही लहान टाक्यांना तेच देतो.

चाकणकर: बाहेरून आग लागली तर व्हेंट पुरेल. आत स्फोट झाला तर तेवढ्या क्षणात व्हेंट काय करणार?

व्हेंटप्रेमी: मग आत स्फोटक मिश्रण होऊच देऊ नका, नायट्रोजन ब्लँकेट (द्रवावरच्या जागेत नायट्रोजन भरून ठेवणं) द्या.

धायरी_सोसायटी: आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडतं. त्यालाही असंच काही करता येईल का?

सेफ्टीवाला_हडपसर: त्याला क्लिप लावा, वेगळा धागा काढा. फॅब्रिकेटरसाहेब, सॉल्व्हंटचा फ्लॅशपॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) किती? २३ अंशांच्या खाली असेल तर ज्वालाग्राही द्रवांचा 'अ' वर्ग, पेसोकडून (स्फोटक-ज्वालाग्राही मालाचं केंद्र सरकारी खातं) ड्रॉइंग मंजूर झाल्याशिवाय प्लेट कापू नका.

भोसरी_फॅब्रिकेटर: टोल्युइन आहे. उतार १:६ करतो, आतली वेल्ड काढतो. पण तळ उचलू नये म्हणून अँकर (टाकी फाउंडेशनला धरणारे बोल्ट) टाकले तर?

चाकणकर: चालतं, पण छत फाटण्याच्या दाबाच्या तिप्पट दाबाला अँकर आणि फाउंडेशन दोन्ही टिकले पाहिजेत. सिव्हिलवाल्यांना आजच फोन करा.