पिल्लाची अंघोळ आणि पावसाळ्यातल्या गोचिडी

दोन महिन्यांच्या लॅब्रॅडॉर पिल्लाला दर रविवारी आपल्याच शाम्पूने अंघोळ घालावी का, या प्रश्नावर थोडे सांगतो. कुत्र्याच्या त्वचेची आम्लता माणसाच्या त्वचेपेक्षा कमी असल्यामुळे आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते आणि खाज सुटते. महिन्यातून एकदा, कुत्र्यांसाठीच्या सौम्य शाम्पूने व कोमट पाण्याने घातलेली अंघोळ साधारणपणे पुरते. रोज ब्रश फिरवणे त्याहून अधिक उपयोगाचे.

आपल्या बडोद्यात पावसाळ्याच्या दिवसांत खरी काळजी घ्यावी लागते ती गोचिडींची. फिरवून आणल्यावर बोटांच्या बेचक्या, कानांची आतली बाजू आणि पट्ट्याखालची मान सावकाश चाचपून पाहावी. रक्त पिऊन फुगलेली गोचीड एरंडाच्या बीसारखी राखाडी, गुळगुळीत लागते. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतण्याचा उपाय अजूनही अनेक घरांत चालतो, तो कृपया करू नये. त्याने पिल्लाची कातडी भाजते. गोचिडींमुळे एर्लिकिओसिस आणि बबेसिओसिस हे गंभीर आजार होतात, म्हणून ताप, मलूलपणा किंवा फिक्या हिरड्या दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. गोचिडींचे औषधही पिल्लाचे वय आणि वजन पाहून त्यांनीच ठरवावे. घरात मांजर असेल तर तेही त्यांना आवर्जून सांगावे, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतले परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांच्या जिवावर बेतते.